कानाला बसेल असा हेडफोन

देवळाली प्रवरा
बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय यशू,

जय भीम. पाकीट बघून घाबरू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत, तुझी आई तर जरा जास्तच. या काळात बाप लेकीला पत्र लिहितो म्हटल्यावर तू म्हणशील, अण्णांचं डोकं फिरलं. डोकं जागेवर आहे गं. कानांचं तुला माहीतच आहे. साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये आयुष्य काढलं की कान तिथेच जमा होतात, रिटायर होताना ते कुणी परत देत नाही. शाल-श्रीफळ देतात.

तू बंगळूरला गेल्यापासून माझा खरा तोटा झाला तो या कानांमुळे. तू एवढे लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवतेस. मी फोन कानावर दाबून धरतो, तर तुझा आवाज रिकाम्या डब्यातून आल्यासारखा येतो आणि निम्मे शब्द वाटेतच गळतात. कानाचं मशीन लावलं की फोन जवळ नेताच ते शिट्टी मारतं. मग तुझी आई दुभाषी होते. तू मनसोक्त बोललेली असतेस आणि ती मला सांगते, “बरी हाय. जेवलीय. तिकडं पाऊस हाय.” एवढंच! मग बाकीची लेक कुठे गेली? ती मला ऐकायची होती. यंदा तू जयंतीलाही आली नाहीस. मिरवणूक दारावरून गेली, डीजे इतका मोठा की मलासुद्धा ऐकू आला. सगळी पोरं नाचत होती आणि मी येड्यासारखा त्या गर्दीत तुझी निळी ओढणी शोधत होतो. आठवण येते म्हणजे काय होतं ते या वयात कळायला लागलंय मला. हसू नकोस.

तर मी ठरवलं, हेडफोन घ्यायचा. आपल्या काकासाहेबाला सल्ला विचारला. मिलवर माझ्याच पाळीला असायचा, म्हणजे तोही अर्धा बहिराच. त्यानं त्याची ती कानात कोंबायची बोंडं आणून दिली. “जालिंदर, लई भारी हायती, वायर न्हाई का काय न्हाई.” एक बोंड माझ्या कानात टिकेना आणि दुसरं खाज आणी. तिसऱ्या दिवशी चहा प्यायला वाकलो आणि डावीकडचं बोंड कपात. आईनं चहाच्या गाळणीनं काढून दिलं. काकासाहेब अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मग नगरला गेलो. ऊन असं की एसटीचे गज हाताला चटका देत होते. दुकानात रेश्मा नावाची बाई होती, फार गुणाची. तिनं मला पहिला घातला तो असा घट्ट की चष्म्याच्या काड्या कानामागे रुतल्या. म्हणाली, चष्मा काढून बघा काका. चष्मा काढल्यावर फोनमधला तुझा मेसेज कुठला आणि गॅसच्या बुकिंगचा कुठला हेच मला दिसेना. दुसरा मऊ होता, पण रेक्झिनचा. दोन मिनिटांत कानांतून घाम. थंडीत ठीक, आपल्या वैशाखात तो घातला तर कान उकडून निघतील. मग म्हणते कशी, “काका, हा घ्या, याचा बेस एकदम भारी आहे.” मी म्हटलं, बेस असेल तर बेसच आहे की. तिला कळेना मी का हसतोय. आपल्याकडे बेस म्हणजे उत्तम, तिच्या दुकानात बेस म्हणजे धडाम धडाम. लावला तर छातीत मिल सुरू झाली. मी तो आधी उतरवला. धडधड ऐकून ऐकूनच तर कान घालवले.

शेवटी तिनं कोपऱ्यातला एक साधा काढला. वायरचा, वजनाला काहीच नाही, कानावर कापडी गाद्या, पट्टा हवा तेवढा सैल होणारा. दिसायला अगदी गरीब. ती गाणं लावायला लागली, तेव्हा मी म्हटलं, गाणं नको, गाणं कशावरही बरंच वाटतं. मी तरुणपणी भीमगीतांच्या गायन पार्टीत कोरसला उभा राहिलेला माणूस आहे, मला माणसाचा आवाज लावून बघू दे. आणि तुझा मेसेज लावला. यशू, तू ‘अण्णा’ म्हणालीस. कानात नाही, शेजारी उभी राहून म्हणाल्यासारखी. ‘ण्णा’ लांबवण्याची तुझी ती लहानपणची खोड, ती अजून आहे हे मला माहीतच नव्हतं. मी तिथल्या स्टुलावर बसलो. रेश्मानं न विचारता पाणी दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली.

आता रोज दुपारी कडुनिंबाखाली खाट टाकतो आणि तो लावून बसतो. उतरवायची आठवणही होत नाही इतका हलका. आई जेवायला हाका मारून दमते आणि म्हणते, आधी कानच न्हवते, आता कान हायती तर माणूस न्हाई. मी तुझे मेसेज पहिल्यापासून ऐकायला घेतले. काय काय ऐकू आलं म्हणून सांगू! तुझ्या खोलीतला कुरकुरणारा पंखा. भिंतीपलीकडचा कुणाचा तरी टीव्ही. सुरुवातीच्या मेसेजात तू भाकरी थापत थापत बोलायचीस, थाप थाप ऐकू यायची, भाकरी मोडली की स्वतःलाच शिवी घालायचीस. नंतर नंतर तू ‘जेवले’ म्हणतेस आणि मागे बिस्किटाचा पुडा वाजतो. हसतेस, पण हसणं संपल्यावर एक श्वास राहतो, तो फोनवर कधी आलाच नव्हता.

आणि ते शेवटचं. आधी तू मेसेज संपवताना ‘चला, ठेवते’ म्हणायचीस. मेसेजात काय ठेवायचं असतं ते आपल्यालाच माहीत, पण आपण सगळेच म्हणतो. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, उसाच्या गाड्या बंद झाल्या, साधारण तेव्हापासून तू काहीतरी विचारून थांबायला लागलीस. मला फोनवर ते ‘ठेवू का?’ असं ऐकू यायचं. म्हणून मी दर वेळी मोठ्या रुबाबात उत्तर पाठवायचो, “हां हां, ठेव.” आता हेडफोनवर ऐकलं. तू ‘ठेवू का’ म्हणतच नाहीस. तू थांबतेस, आवाज एकदम बारीक करतेस आणि म्हणतेस, “येऊ का?”

मी आईला हाक मारली, तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला. तिचे कान तर चांगले आहेत, तिनं ‘येऊ का’च ऐकलं होतं. पण तिला वाटलं, दारातून निघताना माणूस ‘येऊ का’ म्हणतो तसंच लेक म्हणतेय. जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे तिनंच तुला शिकवलेलं. म्हणून तीही हसत हसत म्हणायची, “हां, ये बाई.” आता कानाशी ऐकल्यावर तिनं तो मेसेज मला पुन्हा लावायला लावला. मग हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, “आवं, पोरगी निघायला न्हाई इचारत. ती यायला इचारतीय.”

किती वेळा विचारलंस गं. आणि बाप म्हणाला ठेव, आई म्हणाली ये, आणि दोघांनाही तू काय विचारलंस ते कळलं नाही. तुला सरळ का बोलता आलं नसेल, तेही मी ओळखून आहे. विहारासमोर तुझा तो फ्लेक्स अजून आहे, वस्तीतली पहिली इंजिनिअर. उन्हानं त्यावरचा माझाच चेहरा आधी उडाला, तुझा अजून ठळक आहे. सत्काराला अख्खी वस्ती जेवली, भामामावशीनं तुला नोटांचा हार घातला. एवढ्या वाजतगाजत गेलेल्या माणसानं परत कसं यायचं, असं तुला वाटत असणार.

फोन केला असता, तर तू ‘नाही हो अण्णा, सहज म्हणाले’ म्हणून उडवून लावलं असतंस. आणि आमचं ‘ये’ तोंडी सांगितलं की त्याचे दोन अर्थ होतात, हे आता चांगलंच कळलंय. म्हणून कागदावर लिहितो. ये. घरी ये. राहायला ये, हवं तितके दिवस, नाहीतर कायमची. तिकडे काय झालं ते सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर मी काही विचारणार नाही. नोकरीचं तू ठरव, लोकांचं मी बघतो. कुणी विचारलं, पोरगी का आली, तर बेधडक सांगायचं की अण्णांना आता अजिबातच ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी आले. मी तुला चारचौघांत ओळीनं तीनदा ‘काय?’ म्हणून विचारीन. लोक म्हणतील, गेला बिचारा जालिंदर. म्हणू देत.

तुझाच,
अण्णा