पितळेचा मणी

१८ नोव्हेंबर
आलो एकदाचे कोल्हापुरात! आजऱ्याहून एसटीने, दोन पिशव्या, एक ट्रंक आणि आक्का. आक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, त्यामुळे मी कुठेही निघाले तरी ती सामानात धरलेलीच. स्टँडवर उतरल्या उतरल्या मी सेल्फीसाठी मोबाइल वर केला, तर बाई पिशव्या टाकून धावत आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे उभ्या. फोटो म्हटला की आक्का हजर. माझा एकटीचा असा एकही फोटो जगात नाही.

नोकरी कुतुबुद्दीनचाचांच्या वर्कशॉपमध्ये, शाहूपुरीत जिना चढून वर. चाचा सत्तरीचे. आयुष्यभर कॅमेरे दुरुस्त केले, आता हात थरथरतो. वडिलांच्या घड्याळांच्या दुकानात मी बारीक स्क्रू फिरवायला शिकले, म्हणून मला घेतलं. खोली मंगळवार पेठेत, खिडकीतून चांगलं ऊन येतं. मी खूश आहे. लिहून ठेवते, नाहीतर आक्का म्हणेल सदा तोंड वाकडं.

२१ नोव्हेंबर
काम आवडलं. हल्ली लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना फिल्मच्या जमान्यातल्या लेन्स हव्या असतात. चित्र मऊ येतं म्हणे. नव्या कॅमेऱ्यावर त्या थेट बसत नाहीत, मधे अ‍ॅडॅप्टरची कडी लावावी लागते, आणि लेन्स त्या कडीवरही बसेना झाली की मंडळी आमचा जिना चढतात. कधी कडीच चुकीची आणलेली, कधी खाचेत घाण, कधी लेन्सच्या मागचा दांडा आत अडतो. चाचांचा एकच कायदा: बसत न्हाय म्हणून जोर लावायचा न्हाय, का बसत न्हाय ते तिलाच इचारायचं.

दुसरा कायदा मी शोधला. आधीच्या मेकॅनिकला शिव्या दिल्याशिवाय या धंद्यात कामाला सुरुवातच होत नाही. चाचाही देतात, आणि चांगल्या देतात.

२५ नोव्हेंबर
चाचा दोन दिवस मिरजेला मुलीकडे. दुकान माझ्यावर! सकाळी हंबीरराव आला. हा लग्नांचे व्हिडिओ काढतो, बोलतो मात्र बांधावर भांडल्यासारखा. बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या भंगारात त्याला लेन्स मिळाली. ती, त्याचा कॅमेरा आणि नवा अ‍ॅडॅप्टर ठेवून गेला. चंदगडच्या लग्नाला हीच लेन्स पाहिजे म्हणाला.

तीन तास मोडले. अ‍ॅडॅप्टरवर दुसरी लेन्स खटकन बसते. ही मात्र फिरते, फिरते आणि दोऱ्याएवढं अंतर राहिलं की थांबते. खाच स्वच्छ, दांडा अडत नाही. शेवटी भिंगाखाली दिसलं. मागच्या कडेला मोहरीएवढा पितळेचा मणी, कुणीतरी डाग देऊन बसवलेला. त्या मेकॅनिकला मनसोक्त शिव्या घातल्या. चाचांना फोन करावा असं मनात आलं, पण एवढ्याशा गोष्टीसाठी काय विचारायचं? कानस घेतली आणि मणी घासून काढला. खट्. बसली.

आक्का डबा घेऊन आली होती. तिच्यावरच मिनिटभर चालवून बघितली. ती संत्रं सोलत घरमालकिणीची नक्कल करत होती. चित्र खरंच मऊ. फक्त व्हिडिओत आक्काचे डोळे मिटलेले, समोर तर उघडे होते. पापणी लवली असेल, पण पूर्ण मिनिटभर?

२६ नोव्हेंबर
आक्का दहा वाजता उठली. ती पाचची उठणारी. पापण्या जड झाल्यात म्हणते. वीस वर्षांची झोप एकदम वसूल करतेय म्हणून हसली. मी हसले नाही.

तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला. मिटल्या डोळ्यांनी ती संत्र्याची एकेक शीर काढते, माझ्याकडे तोंड करून हसते. लेन्समध्येच काही असेल, स्वच्छ करावी म्हणून काढायला गेले. निघेना. काल बसत नव्हती, आज निघत नाही. जोर लावला. चाचांचा कायदा मोडला, तरी नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डोळे ठणठणीत आहेत म्हणाले.

२७ नोव्हेंबर
चाचांनी लेन्स ओळखली. स्टुलावर बसले, पाणी मागितलं. मणी त्यांनीच बसवला होता, ती पुन्हा कुठल्याच कॅमेऱ्यावर बसू नये म्हणून. मी ज्याला गाढव म्हटलं तो मेकॅनिक माझ्यासमोर बसला होता.

त्यांच्या उस्तादांचा स्टुडिओ. घरात कुणी गेलं की प्रेत उचलण्याआधी अखेरच्या फोटोला त्यांना बोलवत. मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर कोण लावणार, म्हणून तरणे चाचा ब्रश घेऊन फोटोत उघडे डोळे रंगवत. त्या कामाला हीच एक लेन्स. जित्या माणसावर ती धरायची नाही, असा उस्तादांचा दंडक. एकदा घाईत धरली गेली. एक व्यापारी होता. चौथ्या दिवशी गेला. मग चुकून उस्तादांच्या बायकोवर धरली गेली, तिचे डोळे मिटू लागले, तेव्हा उस्ताद स्वतः लेन्ससमोर बसले. तिचे डोळे त्याच क्षणी उघडले. चौथ्या दिवशी उस्ताद गेले.

मेलेल्यांचे मिटले डोळे बघून बघून त्या लेन्सला उघडे डोळे सोसंनात पोरी, असं चाचा म्हणाले. एका वेळी ती एकाचेच धरते. नवा मिळाला की जुन्याला सोडते.

मी हातोडी उचलली. त्यांनी हात धरला. फोडली तर आत धरलेले डोळे तसेच मिटलेले राहतील. उस्तादांची वस्तू म्हणून मी तवा फोडली न्हाय, माझंच चुकलं, म्हणत ते रडले. मला त्यांचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त.

२८ नोव्हेंबर
आक्काच्या पापण्या आता बोटांनीही उघडत नाहीत. चाचपडत तिने मला भात वाढला. ताटाबाहेर.

दुपारी हंबीरराव. एक लेन्स बसवाय चार दिस लागत्यात व्हय, म्हणून जिना दणाणून सोडला. उद्या चंदगड. पाचशे माणसं. एक क्षण वाटलं, नेऊ दे. कुणाचे तरी डोळे घेईल, आक्काचे सोडेल. खरंच वाटलं. कॅमेरा त्याच्या हातात दिलाही होता.

परत ओढून घेतला. तयार नाही म्हणाले. शिव्या देत गेला.

२९ नोव्हेंबर, सकाळ
चौथा दिवस. कॅमेरा खोलीवर आणलाय. चाचांकडेच उरकायला हवं होतं, पण आक्काचे उघडलेले डोळे एकदा बघायचे होते. तेवढंच. माझ्यानंतर चाचा बघतील लेन्सचं काय करायचं ते.

आक्का आतल्या खोलीत निजलीय. मी खिडकीशी, उन्हात. समोर कॅमेरा. स्क्रीन माझ्याकडे वळवलीय. लाल दिवा लागला.

स्क्रीनवर माझे डोळे मिटले —

जड. खूप जड. आता खरंच मिटले. चाचपडून लिहितेय, ओळीवर ओळ येत असेल. बटण सापडत नाही, कॅमेरा चालूच —

आत खाट वाजली. आक्काची हाक! दिसतंय गं तेजे, म्हणते. दिसतंय तिला. देवा. मी रडतेय, मिटल्या डोळ्यांनी. दिसतंय तिला —

पावलं. एकटीच फोटो काढतीस व्हय, म्हणत —

आक्का थांब. तिथंच —

पापण्या हलक्या झाल्या. उजेड. मला दिसतंय. मला का दिस —

स्क्रीनवर मी. डोळे उघडे. खांद्यावर हात. मागे आक्का, हसतेय, आणि तिचे —