हलणारी मान

आबा, मान हलवायची तुमची सवय माझ्याकडे आली आणि गेल्या महिन्यात तिनं मला जवळजवळ बुडवलंच होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. तुमचं नाक घेतलं नाही, उंची घेतली नाही, घेतली ती नेमकी ही मान.

या वयात मी पीएच.डी.ला नाव घातलंय, इथंच, विद्यापीठात. विषय आईच्या कामाचा आहे, घरी बसून टॉवेलला शिलाई मारणाऱ्या बायकांचा. त्या बायकांशी बोलणं सोपं, अवघड आहे ते वर्गात बसणं, कारण व्याख्यानं सगळी इंग्रजीत. छापलेलं इंग्रजी मला वाचता येतं. तेच कुणी बोलायला लागलं की शब्द एकमेकांना चिकटून येतात, आणि पहिलं वाक्य सोडवेपर्यंत पुढची निघून जातात. सर फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की माझं संपलंच. मग मी काय करायची, तर मान हलवायची. हसून, समजल्यासारखी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एके दिवशी मार्गदर्शक मॅडम जिन्यात भेटल्या. त्यांची चाल आणि इंग्रजी दोन्ही भरभर. त्यांनी काहीतरी विचारलं, मी मान हलवली, त्या ‘गुड’ म्हणून वर निघून गेल्या. दुपारी कँटीनमध्ये माझ्या वर्गातली अक्कलकोटची मुलगी म्हणाली, "ताई, लई धाडस केलं की तुम्ही. ह्याच महिन्यात समितीपुढं बसताय म्हणं." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. संशोधन समितीपुढे विषय इंग्रजीत मांडायचा असतो, बाहेरून आलेले तज्ज्ञ प्रश्न विचारतात, त्यांना उत्तरं पटली नाहीत तर नोंदणी जाते. मी पुढच्या खेपेची तयारी करत होते. "मॅडमना सांगा की, जमणार न्हाय म्हणून," ती म्हणाली. कोणत्या तोंडानं सांगू? हो म्हणणारी मीच होते.

माझी पाचावर धारण बसली. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता मला तुम्ही दिसत होतात. कारखान्यातून आलेले, भुवयांवर कापसाची धूळ. आई चुलीकडे तोंड करून विचारते, आमटी खारट झाली का, आणि तुम्ही आनंदानं म्हणता, "व्हय व्हय." आई दिवसभर धुसफुसते. मागांनी तुमचे कान नेले होते, तरी कारखान्यात तुमचं कधी अडलं नाही. मागांच्या खडखडाटात तिथं कुणालाच ऐकू येत नव्हतं, सगळे ओठ बघून बोलायचे. आधी खांद्याला हात लावायचा, समोरचा वळला की मग तोंड उघडायचं. अडायचं ते बाहेर, दुकानात, बँकेत, शाळेत, कारण बाहेरचे लोक इकडे तिकडे बघत बोलतात. "तोंड दाखवून बोल की," हे तुम्ही फक्त मला आणि आईला म्हणायचात. परक्यापुढं मान हलायची.

एकदा मुकादम खाली बघून पान जुळवत तुम्हाला काही म्हणाला आणि तुम्ही मान हलवलीत. सोमवारी गेलात तर तुमच्या मागावर दुसराच माणूस. "तूच व्हय म्हणालास की, जुन्या शेडात जातो म्हणून," मुकादम म्हणाला. जुन्या शेडात निम्मे माग बंद, म्हणजे मजुरीही निम्मी. डबा न उघडता तुम्ही परत आलात आणि उंबऱ्यावर बसून एवढंच म्हणालात, "मानेनं घात केला." त्याच आठवड्यात इंग्रजीचा धडा कळला का म्हणून तुम्ही मला विचारलंत, मी मान हलवली, आणि तुम्ही ताट बाजूला सारून ओरडलात, "मान हालवू नगं. कळलं आसंल तर काय कळलं त्ये सांग, न्हायतर न्हाय म्हण." तुमचा साधा आवाजही शुक्रवार पेठेत गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, पण ते ओरडणं वेगळं होतं. मी फार घाबरले होते. तुम्ही माझ्यावर नाही, स्वतःवर चिडला होतात, हे मला आता कळतं.

त्या अक्कलकोटच्या मुलीनं मला सोडलं नाही. घरी कन्नड, बाहेर मराठी, त्यामुळे न कळण्याची लाज तिनं लहानपणीच संपवलेली. रोज कँटीनमध्ये ती माझ्याकडे पाठ करून बसायची आणि इंग्रजीत प्रश्न विचारायची. मी उत्तर द्यायच्या आधी तिचा प्रश्न माझ्या इंग्रजीत तिलाच परत सांगायचा, तुम्ही असं विचारताय का म्हणून. सांगता आला नाही तर सरळ म्हणायचं, कळलं नाही, पुन्हा विचारा. मी गप्प राहिले की ती न वळताच ओळखायची. "मान हालवली न्हवं, ताई?" घरी मी फोनवर व्याख्यानं लावायची, पहिल्यांदा बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत, मग फोन पालथा घालून. पालथा फोन मला शेवटपर्यंत नीटसा जमला नाही.

समितीच्या दिवशी विषय मी बरा मांडला, पाठच केला होता. मग तज्ज्ञ सरांनी प्रश्न विचारला. त्यांची मिशी ओठांवर आलेली, हात हनुवटीवर, नजर कागदात. प्रश्न लांबलचक होता आणि त्यातलं मला फक्त ‘विमेन’ कळलं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आबा, माझी हनुवटी खाली जायला लागली. खरंच सांगते, मला ती जाताना कळत होती. एकदा हलली असती तर पुढं काहीतरी ठोकून दिलं असतं आणि सगळं तिथंच संपलं असतं. मी म्हटलं, "सर, आय डिड नॉट फॉलो. प्लीज आस्क अगेन." त्यांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून, पण कागदातच बघत. तरीही कळलं नाही. मॅडम टेबलाकडे बघू लागल्या. मग मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, सर, माझ्याकडे बघून विचाराल का, मला चेहरा दिसला की कळतं.

मला वाटलं, गेलं. सरांनी कागद खाली ठेवला, हात काढला आणि माझ्याकडे बघत सावकाश विचारलं. या बायका स्वतःच म्हणतात की आम्ही काही करत नाही, घरीच असतो, मग त्यांचं काम तुम्ही मोजणार कसं? एवढंच होतं. हे वाक्य आईच्या तोंडून मी जन्मभर ऐकलेलं. मी प्रश्न त्यांना परत सांगितला, त्यांनी हो म्हटलं, आणि मग मी बोलत सुटले, काळ चुकले, वचनं चुकले, पण थांबले नाही. विषय मंजूर झाला. थोड्या दुरुस्त्या आहेत.

नव्या पेठेतून पेढे घेऊन येताना मात्र मला आनंदाऐवजी दवाखाना आठवत राहिला. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी धावत तुमच्या खाटेपाशी आले होते. वॉर्डात माणसंच माणसं, तुमचे डोळे अर्धे मिटलेले. मी वाकून तुमच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. सगळे म्हणाले, ऐकलं हो त्यांनी, समाधान झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

कानाशी, आबा. ज्या माणसाला ओठ दिसल्याशिवाय कळत नव्हतं, त्याच्या कानाशी. मला ते तेव्हाच कळलं होतं. पण तुमची मान हलली होती, आणि मला तेवढ्यावर भागवायचं होतं. परक्या माणसाला मी दोनदा विचारलं, तुम्हाला मात्र काय कळलं म्हणून एकदाही नाही. हा लिहिलेला कागद पोस्टात टाकायचा नाही, कपाटातच राहील. तुमच्या फोटोसमोर मात्र मी आत्ता उभी आहे, दिवा लावलाय, माझं तोंड नीट दिसेल असं.

पास झाले होते मी, आबा.