बुडालेला बोया

थळ, मंगळवार, संध्याकाळ

मुंबईच्या प्रयोगशाळेतून आलेली पुतणी लसीचं संशोधन सोडते म्हणाली. प्रथिनाचा अतिसूक्ष्म गोळा करून त्याच्या पाठीवर ती विषाणूचे तुकडे बसवते; ते बघून शरीर शत्रू ओळखायला शिकतं. पण हिचे तुकडे पुन्हा गोळ्यात दबूनच बसले. दडलेला शत्रू शरीराला दिसणार कसा?

मी लगेच सुरू झालो. विज्ञान, निष्ठा, गोरगरिबांची पोरं...

"काका, समोर सभा नाहीये."

नुसतं ऐकून घेणं मला का जमत नाही? मग माझीच फजिती सांगितली. हौसेनं जाळं टाकलं, ओहोटीला आखूड दोराने जाळ्याची जागा दाखवणारा तरंगता बोया बांधला, भरतीत बोया पाण्याखाली! सगळं थळ हसलं. "तूही तुकडे जोडणारा दोर वाढव की."

"वाढवला. लांब झाला की गुंततो." पण हसली. कितीतरी दिवसांनी. "मग तुमचं जाळं गेलं?"

"न्हाय गं. ओहोटीला बोया आपसूक वर आला. दोर नव्याने मापला."

ते तुकडे अजून दबलेलेच आहेत. पण आत्ताच ती विचारून गेली, उद्या रेवसहून मुंबईची पहिली लाँच किती वाजता.