ब्रायोनीच्या रक्तातलं शिसं

१२ मार्च २०१९, ब्रोकन हिल
अठरा! ब्रायोनीच्या रक्तात शिसं अठरा. पाचच्या खाली हवं. माझी अडीच वर्षांची पोर! बोट टोचलं तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. मी मात्र गाडीत बसून ढसाढसा.

१४ मार्च
दवाखान्यातली नर्स ग्वेनडा घरी आली. मी आधीच सांगून टाकलं — रोज फरशी पुसते मी!
"अगं, तुझ्या घराला कोण नावं ठेवतंय? शिशाच्या खाणीचं गाव हे, इथली धूळच शिशाची."
ब्रायोनीचं लोह तळाला गेलंय. जस्तही कमी. "आतड्याला शिसं नि लोह यांतला फरक नीट कळत नाही. लोह कमी पडलं की ते हावरं होतं, शिसंही ओढून घेतं. आणि आत गेलेलं शिसं मग लोहाचं, जस्ताचं काम बिघडवतं, पोरांच्या मेंदूलाही भोवतं."
म्हणजे नुसतं पुसून भागायचं नाही. भरवायचं! रिकाम्या पोटात शिसं जास्त मुरतं, तेव्हा उपाशी पोटी अंगणात सोडायचं नाही.

१९ मार्च
लोहाचं औषध माझ्या अंगावर थुंकली. संत्र्याच्या रसातून दिलं — गटागटा प्यायली!

२ एप्रिल
नवरा खाणीतून आला तो बुटांसकट थेट आत. मी ओरडले.
"आम्ही सगळे इथेच वाढलो. काय धाड भरली आम्हाला?" — डॅरिल.
तेवढ्यात ब्रायोनीनं त्याच्या बुटावरून बोट फिरवलं नि तोंडात घातलं. त्याचा चेहराच उतरला.
आता कपडे मागच्या दारी उतरवून मगच आत येतो. शेजारीण शिट्टी मारते!

९ मे
खिमा, मसूर, चीज. आज कलेजी खाऊन "आणखी" म्हणाली!

२० जून
बारा.

२२ ऑगस्ट
ग्वेनडाचा फोन.
"सहा गं, सहा! लोह, जस्त, दोन्ही जागेवर."
डॅरिल अंगणात चड्डीवरच नाचला. मी पोटभर हसले. कितीतरी महिन्यांनी.

२५ ऑगस्ट
आई आली. सहा ऐकून रडायलाच लागली. मग पर्समधून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. माझं नाव. वय तीन. शिसं — एकेचाळीस.
"काय करायचं ते तेव्हा कळलंच नाही गं. लपवून ठेवलं."
दोनदा एकाच वर्गात बसवलं होतं मला. वाचताना अक्षरं हलायची. आणि इतकी वर्षं मी समजत आले — आपणच मठ्ठ.