ग्वेइ म्हणजे परतणे

प्रिय बाबा,

हे पत्र चहा खुडायला येणाऱ्या बाईच्या टोपलीतून पाठवतेय. उत्तर तिच्याकडेच द्या, सासऱ्यांच्या नावे नको.

तुमचे जावई शीछेंग परमुलुखात वारल्याचं कळलं, तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं की आता मी काय करू. तुम्ही एकच अक्षर लिहून पाठवलंत, ग्वेइ. परतणे. मी लगेच पेटी भरायला घेतली. संध्याकाळी सासऱ्यांनी कागद मागून घेतला, दिव्याशी धरून वाचला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सूनबाई, जुन्या ग्रंथांत बाईच्या बाबतीत ग्वेइ म्हणजे लग्न होऊन सासरी येणं. तिचं खरं घर तेच. वडील सांगताहेत, दिल्या घरी राहा." सासूबाईंनी पेटीतले कपडे एकेक करून पुन्हा कपाटात लावले.

खोटं नाही बोलले ते. दोन्ही अर्थ तुम्हीच मला शिकवलेत. लग्नाच्या पालखीत बसताना मी विचारलंही होतं, जिथं कधी गेलेच नाही, तिथं परतायचं कसं? तुम्ही नुसता पडदा सोडलात. म्हणूनच आता ठरवता येत नाही, लिहिताना तुमच्या मनात कोणता अर्थ होता.

तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. इथल्या भिंती उंच, खिडक्या छपराशी. आभाळ दिसतं ते चौकापुरतं. निष्ठावान विधवा म्हणून माझ्या नावाची दगडी कमान उभारायचं भाऊबंदांनी ठरवलंय. धाकटी जाऊ म्हणते, "तुमचं बरं आहे जाऊबाई, जिवंतपणीच दगडात नाव." तिचा राग मला कळतो. वंश चालावा म्हणून तिचंच तान्हं पोर पौर्णिमेला माझ्या ओटीत घालणार आहेत. तिलाही कुणी विचारलं नाही.

बाबा, ग्वेइच्या आधी 'ता' लिहून पाठवा. ता-ग्वेइ, म्हणजे लेक कायमची माहेरी. त्यातून दुसरा अर्थ कुणाला काढता येणार नाही. आणि कागदामागोमाग स्वतः होडी घेऊन या, पण पौर्णिमेआधी. ते बाळ हल्ली मला पाहिलं की दुपट्यातून हात पुढं करतं. काल मी त्याला घेतलं नाही, हात पाठीमागं धरून उभी राहिले. एकदा का घेतलं, की मग तुम्ही दारात येऊन हाक मारलीत तरी माझा पाय निघायचा नाही.

तुमचीच,
पेइहंग