शुक्रवारी दुपारी, एक ते दोन

दि. ४ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि निम्मं मनाचं घालतेस, म्हणून पत्र.

बाबांच्या लॉजचे दिवस पालटले. समोरच्या इस्पितळात समुद्रापलीकडून मुसलमान पेशंट येतात, सोबत अख्खं कुटुंब. कापडाचे व्यापारीही उतरतात. म्हणून खोल्यांतली दारू बंद केली, न्हाणीघरात पाण्याची नळी बसवली, वरचा मजला फक्त कुटुंबांना ठेवला. हलाल स्वयंपाकाला एक विधवा बाई मिळाल्या. पाहुण्यांची मुलं त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतात, म्हणून आम्हीही. त्यांच्या कढईला मलासुद्धा हात लावायची परवानगी नाही. शुक्रवारी एक ते दोन पुरुषमंडळी मशिदीत गेली की तेवढा तास मला पाठ टेकता येते.

नमाजाची दिशा दाखवणारा बाण मी स्वतः होकायंत्र घेऊन छताला चिकटवला, तोही लोखंडी कपाटाला खेटून उभा राहून. तीन नंबरच्या खोलीतले मास्तर बायकोची किडनी बदलायला आलेत. चार दिवस त्यांनी बाणाला आडवी चटई टाकून नमाज पढली, पण तोंडातून शब्द नाही. विचारलं तर म्हणाले, इतक्या आपुलकीने लावलेला बाण चुकलाय असं कसं सांगू. माझा बाण न्हाणीघर दाखवत होता.

आपला मधला भाऊ मात्र पेटलाय. बाबांचं घर परक्यांच्या घशात घातलंस म्हणतो. वर्ष झालं, बोलत नाही. तुझ्याकडे आला तर समजाव, तुझं तो ऐकतो.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
धाकटा

दि. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाणाचं वाचून ठसका लागेपर्यंत हसले. लहानपणीही तुला डावं-उजवं कळत नव्हतंच.

मधला रविवारी जेवायला आला. मी त्याचे चांगलेच कान उपटले. आधी घुश्श्यात होता, मग निवळला. म्हटलं, एकदा जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ. चारचौघांत त्याला अवघडल्यासारखं होईल, म्हणून तू लिहिलेली वेळच सांगितली: शुक्रवारी दुपारी एक ते दोन पुरुष नसतात, तेव्हा धाकटा निवांत भेटेल. जाईन म्हणाला. आला तर वाद घालू नकोस, त्याला पोटभर जेवू घाल.

दोघांवरही सारखीच माया करणारी,
अक्का

दि. २७ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितोय. उजवं मनगट मोडलंय.

मधला शुक्रवारी सव्वा वाजता आला. एकटा नव्हे, चौदा जण, तोंडाला फडकी, हातात सळया. काउंटरची काच फोडून मला आडवा केला आणि वर गेले. मी जिना चढेपर्यंत खाला तीन नंबरच्या दारात उभ्या होत्या. आत मास्तरांची बायको होती, पोटाला टाके, अंगाला नळ्या. पहिल्या सळईने खालांचा खांदा मोडला, तरी त्या हलल्या नाहीत. दुसरी डोक्यात बसली. मी धावत जाऊन त्यांची कढई आणली आणि मारणाऱ्याच्या तोंडावर घातली. तो पडला तरी घालत राहिलो. फडकं सुटलं तेव्हा दिसलं की तो मधला आहे. त्यानंतरही मी एकदा मारली. हे तुझ्यापासून लपवायचं नाही. रक्त बघून बाकीचे पळाले.

खाला संध्याकाळी गेल्या. मास्तरांची बायको वाचली. मधला समोरच्याच इस्पितळात आहे, एक डोळा गेलाय. पोलिसांना सांगतो की भावाला भेटायला आलो आणि गर्दीत सापडलो. फौजदार मला विचारतात, पुरुष नसल्याची वेळ त्यांना कळली कशी. तुझं पत्र ड्रॉवरमध्ये आहे. ते दिलं तर तो वेळ साधून आला हे उघड होईल, आणि तुझं नावही येईल. खालांची मुलगी रोज येऊन पायरीवर बसते. काही मागत नाही. काय करू ते कळव.

धाकटा

दि. ३१ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. मारलंस म्हणून तुला बोलणार नाही. रडते मात्र दोघांसाठी.

ते पत्र पोलिसांना दे. एक गोष्ट मी त्यात लिहिली नव्हती. जेवताना त्याने ती वेळ दोनदा विचारली. मागे बायका आणि पेशंटच राहतात ना, असंही विचारलं. मला वाटलं, भावापुढे जायला लाजतोय. मी खूश होऊन त्याच्या ताटात आणखी वाढलं.

मंगळवारच्या गाडीने येते. आधी खालांच्या मुलीकडे जाईन, मग पोलिसांकडे, मधल्याकडे शेवटी. माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही, ते मला बघून ठरव. तोवर हे पत्रही पोलिसांना दे.

अक्का