ओस्बर्न आजेसासऱ्यांचं पान

प्रिय ओस्बर्न आजेसासरे,

मी तुमची सून. किती पिढ्या खालची, ते यानच सांगू शकला असता. तो माझा नवरा, तुमचा वंशज. मार्चमध्ये एका सकाळी सायकल काढून ऑफिसला गेला, तो परत आलाच नाही. हृदय थांबलं, म्हणाले. आज सर्वपित्री अमावस्या. तुमच्यासाठी पान वाढलं आणि वाटलं, जेवायला बोलावलंय तर ओळख तरी द्यावी.

तुमचा यानला कोण अभिमान! आपल्या घराण्यात एक नॉर्मन योद्धा होऊन गेला, हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा. स्वतः मात्र घरातला कोळीसुद्धा ग्लासात धरून बाहेर सोडायचा. त्यानं वंशवृक्षाचा तक्ता केला आणि लावला कुठे, माहीत आहे? संडासात, वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी. इथे डच घरांत तशीच पद्धत आहे, म्हणे.

"अरे, पितर आहेत ते," मी ओरडले होते.

"म्हणूनच तर. इथे सगळे निवांत वाचतात."

मी तो काढून देवघराशेजारी लावला. त्यावरून तो मला महिनाभर चिडवत होता.

आता तो तक्ता रोज समोर येतो. अगदी वर तुम्ही: लढाईवर गेले, परतले नाहीत, साल माहीत नाही. शेजारी नुसतं 'पत्नी'. का हो, एवढी तलवार गाजवलीत, तिचं नाव कुणाला सांगावंसं वाटलं नाही? किती काळ दाराकडे बघत बसली असेल ती? तुमचे जोडे तिनं कधी उचलले? यानचे बूट अजून आमच्या दारात आहेत. खरं तर तिलाच विचारायचं होतं, पण तिला हाक कुठल्या नावानं मारू?

आमची मीरा नऊ वर्षांची. तिला मराठी कळतं, उत्तर डचमध्ये येतं. दुपारी बाल्कनीत तुमचं पान ठेवताना तिला सांगितलं, ज्यांच्या मृत्यूचा दिवस माहीत नाही, त्यांच्यासाठी ही अमावस्या.

"मग पापाचं पान कुठे?"

"पापाचा दिवस आपल्याला माहीत आहे, राणी."

"मग तक्त्यावर का नाही लिहिला?"

यानच्या नावापुढे जन्मतारीख आहे, एक आडवी रेघ आहे आणि पुढे कोरं. मार्चपासून माझ्यानं तिथे पेन टेकवलं गेलं नाही. टेकवलं की तो तुमच्यात जमा होणार, आणि माझ्यासाठी तो अजून ऑफिसातून यायचाय. मी खीर वाढत राहिले. करड्या मानेचे इथले कावळे आले, वडा घेऊन गेले. मला फार रडू आलं.

तर आजेसासरे, शब्द देते. आज संध्याकाळी मीरा आणि मी मिळून त्याची तारीख लिहू. 'माहीत नाही' हे त्याच्या वाट्याला येऊ देणार नाही. आणि दरवर्षी या दिवशी दोन पानं वाढेन. पहिलं तुमच्या पत्नीचं, मग तुमचं.

यान तिकडे नवा आहे. तुम्ही त्याला ओळखणार नाही, पण तो तुम्हाला लगेच ओळखेल. त्याला जवळ बसवून घ्या.

तुमची सून,
मृणाल